लघवी कधी गळते, ते आधी लिहून आणा

"सिस्टर, आणखी एक सांगायचं होतं." हे वाक्य बहुतेक वेळा दाराशी येते. कंबरदुखीचा नाहीतर अंगावरून पांढरे जाण्याचा केसपेपर लिहून झालेला असतो, बाई खुर्चीवरून उठलेली असते, आणि चपला घालता घालता आवाज खाली आणून सांगते की खोकलं की साडी भिजते. किंवा, बसलं की खाली काहीतरी लागतं. चवथीच्या आसपास हे जरा जास्त ऐकू येते. वर्षभर झाकून ठेवलेले फुगडी घालताना झाकता येत नाही, मग फुगडीच्या वेळी स्वयंपाकघरात थांबण्याचे निमित्त शोधले जाते. अशी दहा-दहा वर्षे निघतात. स्त्रीरोग विभागात तपासणीच्या पडद्याआड उभे राहून जे रोज दिसते, ते इथे लिहिते आहे. ज्या बाईला जायचे आहे, तिने ते वाक्य दाराशी नव्हे, खुर्चीवर बसल्या बसल्या सांगावे एवढ्यासाठी.

या तक्रारींसाठी वेगळे तज्ज्ञ असतात, त्यांना युरोगायनॅकॉलॉजिस्ट म्हणतात. स्त्रीरोगतज्ज्ञ होऊन पुढे मूत्राशय, योनिमार्ग, गर्भपिशवी आणि शौचाची वाट यांना खालून मिळणारा आधार, एवढ्याच विषयावर त्यांनी काम केलेले असते. हे अवयव एकमेकांना लागून आहेत. पुढे मूत्राशय, मधे योनिमार्ग आणि पिशवी, मागे मलाशय. या सगळ्यांखाली माकडहाडापासून पुढच्या हाडापर्यंत स्नायूंची एक झोळी ताणलेली आहे, तिलाच पेल्विक फ्लोअर म्हणतात. बाळाचे डोके बाहेर येताना ही झोळी खूप ताणली जाते, कधी एका बाजूने हाडापासून सुटतेही. चिमटा लावून झालेले बाळंतपण, तासन्‌तास द्याव्या लागलेल्या कळा, मोठे बाळ, यांत धोका वाढतो. त्या वयात बाकीचे स्नायू सांभाळून घेतात. पुढे पाळी जाते, इस्ट्रोजेन हे हार्मोन कमी होते, आतले अस्तर पातळ होते, त्यात जुनाट खोकला, कुंथायची सवय, वाढलेले वजन आणि रोजची उचलठेव. मग पंचविशीतली इजा पन्नाशीत डोके वर काढते. म्हणून एकाच बाईला लघवी गळणे, अंग बाहेर येणे (म्हणजे पिशवी किंवा योनीची भिंत खाली उतरणे) आणि वारा न आवरणे असे तिन्ही असू शकते. तिन्ही एकाच ठिकाणी सांगायचे असते.

गोव्यात सुरुवात गावच्या आरोग्य केंद्रातून केली तरी चालते. तिथून पुढे म्हापशाचे उत्तर गोवा जिल्हा इस्पितळ, मडगावचे दक्षिण गोवा जिल्हा इस्पितळ (लोकांच्या तोंडी ते अजून हॉस्पिसियोच आहे), किंवा बांबोळीचे गोमेकॉ, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेजचे इस्पितळ. दारावर ‘युरोगायनॅक’ अशी पाटी दिसली नाही म्हणून परत फिरू नका. स्त्रीरोग ओपीडीच्या खिडकीवर सरळ विचारा, "लघवी गळण्यासाठी आणि अंग बाहेर येण्यासाठी कुठले डॉक्टर, कुठल्या वारी बघतात?" खासगी दवाखान्यात जाणार असाल तर फोनवरच दोन प्रश्न विचारून घ्या: यूरोडायनॅमिक तपासणी (मूत्राशय भरताना आणि रिकामे होताना कसे वागते ते मोजणारी) तुमच्याकडे होते की दुसरीकडे पाठवता, आणि रिंग (खाली आलेले अंग आतून वर धरणारी कडी) बसवून मिळते का. दुसऱ्या प्रश्नावर "रिंग कशाला, पिशवीच काढून टाकू" असे उत्तर आले तर दुसऱ्या एका तज्ज्ञाचे मत घ्यावे, असे मी स्पष्ट सांगेन. दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजनेचे, म्हणजे गोवा सरकारच्या आरोग्य विम्याचे, कार्ड असेल तर ते पहिल्या दिवसापासून सोबत ठेवा आणि ऑपरेशन सुचवले गेले की ते यादीत बसते का, हे तारीख घेण्याआधी विचारा.

आता सगळ्यात महत्त्वाची गोष्ट, आणि ती घरी करायची आहे. तीन दिवसांची लघवीची वही. सलग तीन दिवस नसले तरी चालतात, पण त्यात एक दिवस कामाचा आणि एक घरचा असावा. मापाचे भांडे नसेल तर पाण्याच्या एक लिटरच्या बाटलीचा वरचा भाग कापा, औषधाच्या मापाने पन्नास-पन्नास मिली पाणी ओतत बाहेरून पेनाने खुणा करा आणि ती न्हाणीघरात ठेवा. वहीत चार रकाने: वेळ, काय किती प्याले, लघवी किती मिली झाली, आणि गळली असेल तर त्या क्षणी काय करत होते. पिण्यात फक्त पाणी आणि चहा लिहितात, तिथे चूक होते. दहा वाजताची पेज, जेवणातली सोलकढी, ताक, शहाळे, हे सगळे पाणीच आहे. एक वाडगा पेजेत दोन-अडीचशे मिली सहज जाते. चौथा रकाना तर अजिबात मोकळा सोडू नका. "शिंकले", "कळशी उचलली", "कुलूप उघडत होते", "नळ सोडला", "झोपेत कळलेच नाही", असे दोन शब्दांत लिहिले तरी पुरे.

ही वही डॉक्टर कशी वाचतात ते कळले की तिचे मोल कळते. मोठ्या माणसाचे मूत्राशय साधारण 300 ते 500 मिली धरते. दिवसातून सहा ते आठ वेळा आणि रात्री फार तर एकदा जाणे नेहमीचे. एक बाई आठ वेळा जाते आणि दर वेळी 350 मिली होते. तिचे मूत्राशय ठणठणीत आहे, ती फक्त जास्त पिते आहे, किंवा साखर वाढलेली आहे. दुसरी चौदा वेळा जाते आणि दर वेळी जेमतेम 90 मिली. तिचे मूत्राशय भरायच्या आधीच आकुंचन पावते, नाहीतर "आता निघतेच आहे तर जाऊन येते" या सवयीने तिनेच त्याला थोड्यावर शिकवले आहे. तिसरी दिवसा चारदा जाते आणि रात्री चारदा, आणि दिवस-रात्रीची बेरीज मांडली तर एक तृतीयांशाहून जास्त लघवी रात्रीत होते. तिचे दुखणे कदाचित मूत्राशयात नाहीच. दिवसभर पायांवर उतरलेले पाणी आडवे झाल्यावर रक्तात परत येते, म्हणून तिचे पाय, हृदय, साखर, घोरणे आणि पाणी काढणाऱ्या गोळीची वेळ तपासायची. तिघीही येऊन म्हणतात एकच: "सारखी लघवीला जावं लागतं."

गळण्याचेही तसेच. खोकताना, शिंकताना, हसताना, उचलताना थोडीशी जाते, आधी घाई लागत नाही. ही ताणाची गळती. मूत्रनलिकेखालचा आधार सैल पडलेला असतो. याउलट एकदम घाई लागते, दार गाठेपर्यंत दम निघत नाही, आणि गेली की भरपूर जाते. ही घाईची गळती. तिथे मूत्राशयाचा स्नायू वेळ नसताना आवळतो. पहिलीवर मूत्रनलिकेखाली आधाराची पट्टी घालण्याचे ऑपरेशन चांगले चालते. दुसरीवर तेच केले तर घाई तशीच राहते, कधी वाढते, शिवाय लघवी पूर्ण न होण्याची नवी कटकट मागे लागू शकते. गोळ्यांचे नेमके उलट: दुसरीवर चालतात, पहिलीवर नाहीत. पुष्कळ जणींना दोन्ही असतात, तेव्हा आधी जास्त त्रास देणारे कुठले ते ठरवायचे. हे सगळे त्या चौथ्या रकान्यावरून उलगडते. म्हणून वही.

एक विनवणी. गळते म्हणून पाणी तोडू नका. वाळपईहून, पेडण्याहून बांबोळीला येणारी बाई पहाटेपासून घोटभर पाणी घेत नाही, कारण बस मधे थांबत नाही आणि स्टँडवरच्या न्हाणीत जावेसे वाटत नाही. तिची भीती खरी आहे. पण गोव्याच्या दमट उन्हात घाम एवढा जातो की लघवी गडद आणि तिखट होते, मूत्राशयाच्या आतून टोचते, घाई वाढते, शिवाय बद्धकोष्ठ आणि जंतुसंसर्ग. दिवसभरात दीड ते दोन लिटर, थोडे थोडे करून, लघवीचा रंग फिकट पिवळा राहील असे प्यावे. चहा-कॉफी कमी करून बघावी, काही जणींची घाई तेवढ्यावर बरीच उतरते.

जायच्या दिवशी दोन गोष्टी सांभाळा. लघवी करून आत जाऊ नका. एक तपासणी भरलेल्या मूत्राशयावर होते. अगदी राहवत नसेल तर सिस्टरला सांगा, आधी बोलावतील. आणि चालू गोळ्यांची पाकिटेच घेऊन या, नावे तोंडपाठ नकोत. रक्तदाबाच्या एनालाप्रिल गटातल्या गोळ्यांनी काही जणींना कोरडा खोकला येतो आणि खोकल्याने गळते. प्राझोसिनसारखी गोळी मूत्रनलिकेची पकड सैल करते. कधी कधी फक्त गोळी बदलूनच निम्मे काम होते, आणि ते बाईच्या हातातल्या त्या पाकिटात असते.

प्रश्न बरेच विचारतात, काही लाजवणारे वाटतात. किती बाळंतपणे, टाके कुठवर गेले होते, पाळी कधी गेली, पॅड दिवसाला किती लागतात, लघवीची धार सुरू व्हायला वेळ लागतो का, झाल्यावरही राहिल्यासारखे वाटते का, संबंधाच्या वेळी दुखते का, वारा किंवा पातळ शौच नकळत जाते का. हा शेवटचा प्रश्न विचारला गेला नाही तर तुम्ही होऊन सांगा. बाळंतपणात शौचाच्या वाटेचा स्नायू फाटला असेल तर त्याची वेगळी सोनोग्राफी आणि वेगळा उपाय असतो, आणि पुढचे बाळंतपण कसे करायचे हेही त्यावर ठरते. सासूबाई किंवा नवरा सोबत असतील तर त्यांना बाहेर बसवायला सांगण्याचा तुम्हाला हक्क आहे. ते सांगायची जबाबदारी आम्ही घेतो, तुम्ही फक्त मान हलवा. तपासताना एक स्त्री कर्मचारी जवळ असायलाच हवी, आणि कुठल्याही क्षणी "थांबा" म्हटले की डॉक्टरांनी थांबायचे असते.

तपासणी टेबलावर आधी पोट चाचपतात. मग भरलेल्या मूत्राशयावर खोकायला लावतात.

"काकी, जोरात खोका. आणखी जोरात, घरी सर्दीत खोकता तसं."

बाई अर्धवट खोकते, कारण समोरच्यावर उडेल याचीच तिला भीती. पण इथे तो थेंब दिसणे हाच तर पुरावा. खोकल्याच्या क्षणीच चिळकांडी उडाली तर ताणाची गळती पक्की. खोकून दोन-तीन सेकंदांनी, मोठी धार लागली तर खोकल्याने मूत्राशय चाळवले असे समजतात. आडवे झाल्यावर काहीच दिसले नाही तर उभे करून, पाय फाकवून, खाली कागद धरून पुन्हा खोकायला लावतात. आम्ही तो कागद धरलेला असतो. त्यात लाजण्यासारखे काही नाही.

त्यानंतर लघवी करून यायचे आणि लगेच, दहा मिनिटांच्या आत, पोटावर सोनोग्राफीचा प्रोब ठेवून मागे किती उरली ते बघायचे. पन्नास मिलीच्या आत असेल तर छान. दीडशेच्या वर वारंवार राहात असेल तर कारण शोधावे लागते. उशीर झाला तर मूत्राशयात नवीन लघवी जमते आणि आकडा फुगतो. म्हणून सोनोग्राफीच्या रांगेत अर्धा तास बसावे लागले असेल तर तसे सांगा. लघवीची साधी तपासणी, गरज असेल तर कल्चर (कुठले जंतू आहेत ते बघण्याची तपासणी), आणि रक्तातली साखर, एवढे जवळजवळ प्रत्येकीचे होते. जंतुसंसर्ग असेल तर तो आधी बरा करायचा, बाकी सगळे नंतर.

अंग बाहेर येत असेल तर मोजमाप होते. डाव्या कुशीवर वळवून किंवा पाठीवर झोपवून चमच्यासारखे एक साधन आत घालतात, आधी मागची भिंत दाबून पुढची बघतात, मग उलट. सेंटिमीटरच्या खुणा असलेली काडी आत धरून "कुंथा" म्हणतात. योनिमुखाचा पडदा म्हणजे शून्य. त्याच्या आत उणे, बाहेर अधिक. सर्वांत खालचा भाग त्या पडद्याच्या एक सेंटिमीटर आत ते एक सेंटिमीटर बाहेर या पट्ट्यात असेल तर दुसरी पायरी, त्याच्या वर असेल तर पहिली, एक सेंटिमीटरहून जास्त बाहेर असेल तर तिसरी, आणि सगळेच उलटून बाहेर आले तर चौथी. पीओपी-क्यू नावाची ही मोजण्याची पद्धत 1996 पासून जगभर वापरतात. त्यामुळे म्हापशात लिहिलेला आकडा मुंबईच्या डॉक्टरलाही तसाच कळतो. केसपेपरवर नुसते ‘प्रोलॅप्स’ (अंग बाहेर येणे) लिहिले असेल तर "कुठली भिंत, कुठली पायरी?" असे विचारून लिहून घ्या.

इथे हमखास एक गडबड होते. वारा सुटेल म्हणून बाई पूर्ण कुंथत नाही. सकाळची वेळ असते, रात्रभर आडवे राहिल्याने सगळे वर गेलेले असते. डॉक्टरांना पहिली पायरी दिसते, आणि संध्याकाळी घरी हाताला लिंबाएवढा गोळा लागतो. तुम्हाला घरी जे लागते ते टेबलावर दिसले नाही असे वाटले तर तसे बोला. उभे करून किंवा उकिडवे बसवून बघता येते, थोडे फिरवून आणून पुन्हा बघता येते.

मग बोटाने स्नायूची ताकद बघतात, शून्य ते पाच अशी. "वारा अडवता तसे आत ओढा" म्हटल्यावर पुष्कळ जणी पोट घट्ट करतात, नितंब आवळतात, श्वास कोंडतात, आणि प्रत्यक्षात खाली ढकलतात. हे बाहेरून कुणाला कळत नाही, बोटालाच कळते. ढकलण्याचाच व्यायाम सहा महिने इमानाने करून त्रास वाढवून घेतलेल्या बायका बघवत नाहीत. म्हणून व्हिडिओवरून शिकण्याआधी एकदा डॉक्टर किंवा फिजिओथेरपिस्टने तपासून "हां, हेच" असे म्हटलेले असावे.

व्यायाम नीट सांगते, कारण ताणाच्या गळतीचा पहिला उपाय हाच आहे. अमेरिकेतले स्त्रीरोगतज्ज्ञ अर्नोल्ड केगल यांनी तो 1948 मध्ये मांडला, म्हणून त्याला केगल म्हणतात. शौचाची वाट बंद करा, तोच आवळ पुढे योनीपर्यंत आणा आणि वर ओढा. श्वास चालू, पोट आणि मांड्या सैल. सुरुवातीला तीन-चार सेकंद धरवते, हळूहळू दहापर्यंत न्या. जितके सेकंद धरले तितकेच सैल सोडा. सैल सोडणे हाही व्यायामाचाच भाग आहे. असे आठ ते दहा वेळा, त्यानंतर आठ-दहा झटपट आवळ. दिवसातून तीनदा, निदान तीन महिने. तीन आठवड्यांनी फरक नाही म्हणून सोडणाऱ्याच जास्त असतात, आणि स्नायू तर तेव्हा कुठे जागा होत असतो. पहिले काही दिवस आडवे पडून, मग बसून, मग उभ्याने. वेळ ठरवून टाका: चहाचे आधण ठेवले की एकदा, दुपारी आडवे झाल्यावर एकदा, रात्री दिवा मालवल्यावर एकदा. खोकला किंवा शिंक येते आहे असे वाटले की आधी आवळा, मग खोका. कळशी उचलायच्या आधीही तेच. ही युक्ती अंगवळणी पडली की गळणे लवकर कमी होते. लघवी करताना मधेच धार तोडून बघायची सवय मात्र नको, त्याने मूत्राशय रिकामे होण्याची घडी बिघडते. आणि बाहेरच्या कमोडवर न टेकता अर्धवट उभ्याने लघवी करू नका, त्यात झोळी सैल पडत नाही आणि लघवी मागे राहते. कागद अंथरून टेका, किंवा भारतीय पद्धतीच्या संडासात पूर्ण उकिडवे बसा.

घाईची गळती असेल तर मूत्राशयाला पुन्हा वळण लावायचे. वहीवरून कळते की तुम्ही दर तासाला जाता. मग पहिल्या आठवड्यात सव्वा तास, पुढे दीड तास, असे पंधरा-पंधरा मिनिटांनी वाढवत तीन तासांपर्यंत. घाई लागली की पळू नका. जागच्या जागी थांबा किंवा बसा, पाच-सहा वेळा झटपट आवळा, लाट ओसरू द्या, मग चालत जा. हे सहा आठवडे तरी करायचे. सोबत गोळी देतात: सोलिफेनासिन, टोल्टेरोडिन यांसारखी, किंवा मिराबेग्रॉन. पहिल्या गटाने तोंड कोरडे पडते आणि शौच घट्ट होते. काचबिंदूचा काही प्रकार असलेल्यांना ती चालत नाही, आणि वय जास्त असेल, विसराळूपणा असेल तर जपून. मिराबेग्रॉनवर रक्तदाब बघत राहायचा. परिणाम कळायला चार आठवडे लागतात. तोंड कोरडे पडते म्हणून पाणी पीत सुटलात तर गोळीचा उपयोग जातो. लवंग किंवा बडीशेप चघळा. गोळ्यांनी भागले नाही तर घोट्याजवळच्या मज्जातंतूला सौम्य विजेचे उत्तेजन, किंवा मूत्राशयाचा स्नायू सैल करणारे बोटॉक्सचे इंजेक्शन, हे पुढचे मार्ग आहेत. पाळी गेलेल्या बायकांना बहुधा इस्ट्रोजेनचे मलम आतून लावायला देतात, दोन आठवडे रोज रात्री, नंतर आठवड्यातून दोनदा. ते थोडेसे आणि जागेवरच काम करते. स्तनाचा कर्करोग होऊन गेला असेल तर मात्र आधी सांगायचे.

यूरोडायनॅमिक तपासणी प्रत्येकीला लागत नाही. दोन्ही प्रकारची गळती मिसळलेली असेल, लघवी मागे राहत असेल, किंवा आधी ऑपरेशन झाले असेल तर लागते. आधी एका खुर्चीवर बसून लघवी करायची, खाली यंत्र धारेचा वेग मोजते. मग बारीक नळी मूत्राशयात, दुसरी शौचाच्या किंवा योनीच्या वाटेत. सलाइन हळूहळू आत जाते. पहिली जाणीव कधी झाली, जायला हवे असे कधी वाटले, आता अगदी राहवत नाही असे कधी वाटले, हे तुम्ही सांगायचे. मधेमधे खोकायला लावतात, नळाचा आवाज ऐकवतात. तिथे गळले तर ती अब्रू जाणे नव्हे, त्याचसाठी तर आलात. अर्धा ते पाऊण तास लागतो, दुखत नाही, टोचल्यासारखे होते. घाईची गोळी चालू असेल तर ती किती दिवस आधी बंद करायची ते विचारून घ्या. नंतर एक दिवस जळजळ होऊ शकते, पाणी जास्त प्या. ताप आला तर परत या.

रिंगेबद्दल गैरसमज फार. अंग बाहेर येते, ऑपरेशन नको आहे, वय झाले आहे, किंवा अजून मूल हवे आहे, अशा सगळ्यांना रिंग हा उपाय आहे. सिलिकॉनची गोल कडी, आकार मिलिमीटरमध्ये. घडी घालून आत सरकवतात, आत ती उघडते, मागे पिशवीच्या तोंडामागे आणि पुढे हाडाच्या मागे टेकते. बरोबर बसली तर कडीच्या आणि भिंतीच्या मधे एक बोट फिरते, आणि बाईला ती जाणवतसुद्धा नाही. जाणवत असेल तर आकार चुकला. बसवल्या बसवल्या घरी पाठवणे ही इथली नेहमीची चूक. आम्ही बाईला व्हरांड्यात दोन फेऱ्या मारायला लावतो, नारळ खवायला आदोळीवर बसतात तसे बसून दाखवायला सांगतो, खोकायला लावतो, आणि शेवटी लघवी करून यायला सांगतो. उकिडवे बसल्यावर रिंग घसरली तर लहान पडते आहे. लघवी अडली तर मोठी झाली आहे. पहिल्याच आकारात बसली नाही म्हणून "मला रिंग सोसत नाही" असे ठरवू नका. दुसरा, तिसरा आकार लावून बघायचा असतो.

आणि एक धक्का आधीच सांगून ठेवावा लागतो. अंग वर गेल्यावर काही जणींना नव्याने गळू लागते. खाली उतरलेल्या मूत्राशयामुळे मूत्रनलिकेला पीळ पडलेला असतो, त्या पिळाने गळती अडवून धरलेली असते. रिंगने पीळ सुटतो आणि दडलेली गळती उघडी पडते. हे ऑपरेशननंतरही होते. म्हणून ऑपरेशनच्या आधी रिंग लावून, मूत्राशय भरलेले ठेवून खोकायला लावावे, म्हणजे दोन्ही कामे एकत्र करायची का ते ठरवता येते. पहिली तपासणी दोन ते चार आठवड्यांनी. पुढे स्वतः काढता-घालता आली तर आठवड्यातून एक रात्र काढून साबणाने धुऊन ठेवा. नाही तर तीन ते सहा महिन्यांनी इस्पितळात येऊन धुऊन, आतली कातडी बघून परत बसवायची. रिंग विसरायची नसते. वर्षानुवर्षे आत राहिलेली रिंग भिंतीत रुतते, क्वचित मूत्राशयापर्यंत भोक पाडते. कालनिर्णयवर तारीख लिहा आणि घरातल्या एका तरी माणसाला सांगून ठेवा, सुनेला, मुलीला, कुणालाही.

ऑपरेशनबद्दल थोडेच, पण ठामपणे. पिशवी काढणे हा अंग बाहेर येण्यावरचा उपाय आपोआप होत नाही. दोष पिशवीचा नसतो, तिला धरून ठेवणाऱ्या दोऱ्यांचा असतो. पिशवी काढली आणि योनीचा वरचा शेंडा पक्का बांधला नाही तर काही वर्षांनी तो शेंडाच खाली येतो. तेव्हा विचारायचा प्रश्न असा: "वरचा शेंडा कशाला बांधणार?" पिशवी ठेवूनही दुरुस्ती होते. पिशवीच्या तोंडाला टाका घालण्याच्या ज्या पद्धतीमुळे डॉ. विठ्ठल नागेश शिरोडकर जगभर ओळखले जातात, ते आपल्या गोव्यातल्या शिरोड्यात जन्मलेले. त्यांनीच तरुण बायकांची पिशवी न काढता ती पट्टीने वर बांधून ठेवण्याचे ऑपरेशनही बसवले. आधारासाठी कृत्रिम जाळी वापरणार असतील तर ती कुठून घालणार आणि कशासाठी ते विचारा. अंग बाहेर येण्यासाठी योनीतून घालायच्या जाळीची विक्री अमेरिकेच्या एफडीए या औषध नियामक संस्थेने एप्रिल 2019 मध्ये थांबवली. पोटातून घालायची जाळी आणि गळतीसाठी मूत्रनलिकेखाली घालायची अरुंद पट्टी या वेगळ्या गोष्टी आहेत, त्यांचे फायदे-तोटे वेगळे. तिन्ही एकच समजून घाबरूही नका, आणि न विचारता सहीही करू नका.

ऑपरेशननंतर एक-दोन दिवस लघवीची नळी असते. ती काढल्यावर लघवी झाली की मागे किती उरते ते मोजूनच घरी सोडतात. पहिल्याच दिवशी जमले नाही तर नळी पुन्हा काही दिवस, त्यात घाबरण्यासारखे नाही. तीन-चार आठवडे थोडा डाग आणि स्राव चालतो, टाके आपोआप विरघळून पडतात. शौचाला कुंथायचे नाही: रात्री इसबगोल, भरपूर पाणी, पायांखाली पाट ठेवून बसणे. सहा आठवडे संबंध नाहीत, आणि पाच किलोच्या वर काही उचलायचे नाही. पुढचे सहा आठवडेही जपून. घरी बायकांना पाच किलो म्हणजे किती ते कळत नाही. भरलेली कळशी दहा किलोच्या पुढे जाते, गॅसच्या भरल्या सिलिंडरात नुसता गॅसच 14.2 किलो असतो, ओल्या कपड्यांची बादली पाचाच्या वर. काजूच्या हंगामात बोंडांची पाटी डोक्यावर घेणाऱ्या बाईचे ऑपरेशन पावसाच्या सुरुवातीला ठेवावे असे आम्ही सुचवतो, म्हणजे पुढच्या हंगामापर्यंत तिला पुरेसा वेळ मिळतो.

काही गोष्टींसाठी मात्र तारखेची वाट बघायची नाही. लघवीत रक्त, पाळी गेल्यावर पुन्हा रक्त, लघवी पूर्ण अडणे, बसायच्या जागेची एकाएकी गेलेली जाणीव, बाहेर आलेला भाग आत न जाणे किंवा त्याला जखम होणे. आणि बाळंतपणानंतर किंवा पिशवीच्या ऑपरेशननंतर दिवसरात्र, झोपेतही, एकसारखी लघवी झिरपत असेल तर ती ताणाची गळती नव्हे. मूत्राशय आणि योनीच्या मधे वाट पडली असू शकते. ती दुरुस्त होते, पण व्यायामाने नाही. त्याच दिवशी या.

सगळे सुरळीत असेल तर तीन महिन्यांनी पुन्हा बोलावतात, आणि पुन्हा तीच तीन दिवसांची वही भरून आणायला सांगतात. डॉक्टर दोन्ही वह्या शेजारी शेजारी ठेवतात. चौदाचे नऊ झालेले असतात, 90 मिलीचे 220. चौथ्या रकान्यात जिथे रोज चार-चार वेळा काही लिहिलेले होते, तिथे तीन दिवसांत मिळून एकदाच: "शिंक, आवळायला विसरले."